नवा गडी कुठून आणायचा?

आज सुरुवातीलाच एक कोडं. असा एक खेळ आहे, ज्याला मैदान लागत नाही, बॅट-बॉल लागत नाही, पट नसला तरी चालतं. त्यात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरतही नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात आणि बोलतात. तीन-तीन, चार-चार तास नुसते बोलतात! मधूनच कोणीतरी फासा टाकतो आणि सगळे एकदम ओरडतात. ओळखा पाहू कुठला खेळ?

नाही ना ओळखता आला? बरं, जरा त्या टेबलापाशी जाऊन कान देऊ या.

"तुमच्यासमोर जुना लाकडी पूल आहे. खाली नदी दुथडी भरून चाललीय. आणि पुलाच्या मधोमध एक राक्षस घोरत पडलाय," एक जण सांगतोय.

"मी पाय न वाजवता त्याच्या कडेने जातो," दुसरा म्हणतो.

"टाक फासा!"

फासा घरंगळतो. चार पडतात. "अरेरे! पायाखालची फळी करकरली. राक्षसाने एक डोळा उघडला!"

आता पळायचं की लढायचं? सगळे विचारात पडतात. एवढ्यात तिसरी मुलगी म्हणते, "मी त्याला अंगाई म्हणते."

अंगाई! पुस्तकात तलवारीचे नियम आहेत, धनुष्यबाणाचे आहेत, अंगाईचा नियम कुठेच नाही. गोष्ट सांगणारा क्षणभर गप्प बसतो, हसतो आणि म्हणतो, "टाक फासा!"

हाच तो खेळ. इंग्रजीत त्याला 'रोलप्लेइंग गेम' म्हणतात. आपण सोंगांचा खेळ म्हणू या. प्रत्येक जण एकेक सोंग घेतो. कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण सोंग न घेता सगळी गोष्ट चालवतो. तो सूत्रधार. डोंगर, दऱ्या, राजे, राक्षस हे सगळं त्याच्याकडे. इतरांनी फक्त सांगायचं, "मी असं करतो." ते जमणार की फसणार याची खात्री नसेल, तर फासा ठरवणार.

तसं पाहिलं तर हा खेळ तुम्हीही खेळलेला आहात. भातुकलीत तुम्ही आई-बाबा झालात, चोर-पोलीस खेळताना पोलीस झालात. फक्त तिथे भांडण होतं. "ठो! मेलास तू!" "हॅट्, लागलीच नाही!" "लागली!" "नाही लागली!" आणि खेळ तिथेच मोडतो. सोंगांच्या खेळात हे भांडण मिटवायला नियम आहेत, फासा आहे आणि सूत्रधार आहे. बस्स, फरक एवढाच.

म्हणजे हा खेळ मुलांना आवडलाच पाहिजे, नाही का? तरीसुद्धा गंमत बघा, या खेळातले जुनेजाणते गेली कितीतरी वर्षं एकच तक्रार करत आले आहेत: नवी मुलं येत नाहीत हो! असं का बरं व्हावं? चला, आज छडाच लावू या.

मोठ्यांच्या घरात जन्मलेला खेळ

त्यासाठी जरा इतिहासात डोकवावं लागेल. घाबरू नका, सनावळ्या पाठ करायच्या नाहीत!

१८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने युद्धाचा एक खेळ छापून प्रसिद्ध केला. नकाशा, सैन्याच्या तुकड्या दाखवणारे ठोकळे, फासे आणि निवाडा करणारा पंच असा सगळा थाट. खेळणारे कोण? लष्करातले अधिकारी. पुढे असे युद्धखेळ साध्या नागरिकांतही छंद म्हणून पसरले.

मग १९६९ साल उजाडलं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्ह वेस्ली नावाच्या तरुणाने आपल्या मित्रांसाठी एक युद्धखेळ रचला. नेपोलियनच्या काळातलं एक काल्पनिक जर्मन गाव. पण या वेळी त्याने प्रत्येकाला फौज देण्याऐवजी त्या गावातलं एकेक माणूस दिलं. झालं! लढाई बाजूलाच राहिली आणि मंडळी आपापल्या सोंगात शिरून एकमेकांशी बोलायला लागली, कट रचायला लागली. त्या मित्रांमध्ये डेव्ह आर्नेसन होता. त्याने हीच कल्पना राक्षस आणि भुयारांच्या जगात नेली. विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावच्या गॅरी गायगॅक्सने ते पाहिलं, आणि दोघांनी मिळून जानेवारी १९७४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाजारात आणला. लाकडासारखा दिसणारा एक खोका, आत तीन चोपड्या, किंमत १० डॉलर. पहिल्या छपाईच्या प्रती फक्त १,०००.

आता पहिली अडचण ऐका. त्या तीन चोपड्या वाचून खेळ कसा खेळायचा हे नवख्याला कळायचंच नाही! त्या लिहिल्या होत्या युद्धखेळात मुरलेल्या माणसांसाठी. लढाईच्या नियमांसाठी 'चेनमेल' नावाचं आणखी एक पुस्तक तुमच्याकडे असेल असं गृहीत धरलं होतं. नकाशासाठी तर दुसऱ्याच कंपनीच्या खेळाचा पट वापरा, असा सल्ला होता! समजा, तुम्हाला कोणी पुरणपोळीची कृती लिहून दिली आणि त्यात पहिलंच वाक्य असं, की 'नेहमीप्रमाणे पुरण करून घ्या'. ज्याने आयुष्यात पुरण केलेलं नाही त्याने काय करायचं?

म्हणून हा खेळ पुस्तकातून पसरलाच नाही. तो पसरला तोंडातोंडी. ज्याला येतो त्याने चार जणांना शिकवायचं, त्या चौघांनी पुढे आणखी सोळा जणांना. शिकवणारा भेटला तर खेळ, नाही भेटला तर चोपड्या कपाटात!

ही अडचण काहींच्या लक्षात आली. मेंदूचे तज्ज्ञ असलेले एक प्राध्यापक होते, जे. एरिक होम्स. त्यांनी नवख्यांसाठी सोपं पुस्तक लिहायची तयारी दाखवली आणि १९७७ मध्ये 'बेसिक सेट' निघाला. १९८१ मध्ये तो आणखी सोपा झाला. आणि १९८३ मध्ये आला फ्रँक मेंट्झर यांनी लिहिलेला प्रसिद्ध लाल खोका. झाकणावर तोंड वासलेला ड्रॅगन. आत दोन पुस्तकं आणि फासे. त्या फाशांवरचे आकडे नीट दिसत नसत, म्हणून सोबत एक मेणाचा खडूही दिलेला असे. तो घासून आकडे आपणच रंगवायचे!

पण खरी कमाल होती ती पहिल्या पुस्तकाची. ते उघडलं की नियम नाहीत, गोष्टच सुरू व्हायची. तुम्ही योद्धा आहात, गुहेत शिरला आहात, समोर साप आहे, टाका फासा! गुहेत अलीना नावाची मुलगी भेटायची, जखमेवर उपचार करायची, मैत्रीण व्हायची. आणि पुढे बार्गल नावाचा दुष्ट जादूगार तिला मारून टाकायचा. एकटं बसून वाचणाऱ्या मुलाला कळायचंही नाही की आपण खेळ शिकलो. त्याच्या डोक्यात एवढंच असायचं, की त्या बार्गलला सोडायचं नाही! ज्याला शिकवणारा कोणी नाही, त्याला पुस्तकानेच शिकवलं. मुलं आली, आणि भरपूर आली.

मग गाडी अडली कुठे?

१९८३ मध्ये बारा वर्षांचा असलेला मुलगा १९९३ मध्ये किती वर्षांचा? बरोबर, बावीस. तो आता अगदी पटाईत झालेला. त्याला नवे नियम हवे, नवे राक्षस हवे, नवी जगं हवीत. खेळ काढणाऱ्या टीएसआर या कंपनीने ती पुरवली. 'फरगॉटन रेल्म्स', 'ड्रॅगनलान्स', 'रेव्हनलॉफ्ट', 'डार्क सन', 'प्लेनस्केप'. एकेका जगाची खोकी, नकाशे, पुस्तकं. दुकानात फळ्याच्या फळ्या भरल्या. शिवाय साधा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' वेगळा आणि 'अॅडव्हान्स्ड' वेगळा.

आता डोळ्यांसमोर आणा. एक दहा वर्षांची मुलगी खाऊचे पैसे घेऊन त्या दुकानात येते. फळीवर पन्नास पुस्तकं. "काका, सुरुवात कुठून करायची?" काका म्हणतात, "आधी हे खेळाडूंचं पुस्तक घे. मग सूत्रधाराचं. मग राक्षसांचं. शिवाय फासे." तीन जाडजूड पुस्तकं! ती मुलगी पैसे मुठीत घट्ट धरून परत फिरली, तर तिचा काय दोष?

खेळ त्याच्या खेळाडूंबरोबर वाढत गेला, आणि त्याचा दरवाजा मात्र हळूहळू उंच होत गेला. आत बसलेल्यांना ते जाणवतसुद्धा नव्हतं. ते आतच होते ना!

नेमक्या त्याच वेळी शेजारी दुसरा दरवाजा उघडला. १९९३ मध्ये रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने तयार केलेले 'मॅजिक: द गॅदरिंग' हे पत्ते आले. त्यातही जादूगार, त्यातही राक्षस. पण गठ्ठा खिशात मावतो, दोघं जण पुरतात आणि मधल्या सुट्टीत डाव होतो. आज पाच पत्ते घ्या, उद्या आणखी पाच. सूत्रधार नको, शनिवार-रविवारची वाट बघायला नको. मुलं तिकडे वळली. इकडे टीएसआर कर्जात बुडत गेली आणि १९९७ मध्ये तिला विकत घेतलं ते 'मॅजिक'चे पत्ते काढणाऱ्या 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' कंपनीनेच!

दुसरा स्पर्धक तुमच्या चांगल्याच ओळखीचा. कॉम्प्युटर! तुम्ही व्हिडिओ गेम खेळता तेव्हा पात्राची ताकद आकड्यांत दिसते, अनुभव मिळवत वरच्या पायरीवर जाता येतं, बरोबर? ही पद्धत रुजवली ती या टेबलावरच्या खेळाने. पण कॉम्प्युटरने एक मोठी सोय केली. नियम पाठ करायला नकोत, बेरजा-वजाबाक्या नकोत, मित्र यायची वाट बघायला नको. बटण दाबलं की राक्षस हजर. २००४ मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या खेळाचे वर्गणीदार २०१० मध्ये १ कोटी २० लाखांवर गेले होते. घरबसल्या एवढं मिळत असेल, तर सहा जणांची मोट बांधायला कोण जाणार?

आणखी एक कारण होतं, आणि ते आई-बाबांच्या बाजूचं. १९८०च्या दशकात अमेरिकेत अशी हवा उठली, की या पुस्तकांत भुतं-सैतान आहेत, त्याने मुलं बिघडतात. १९८३ मध्ये तर या खेळाविरुद्ध एक संघटनाच निघाली. खेळामुळे मुलं बिघडतात याचा पुरावा काही कोणाला देता आला नाही, पण पुराव्यापेक्षा भीती जोरात धावते. कंपनीनेही १९८९ मध्ये खेळाची नवी आवृत्ती काढताना 'डेमन' आणि 'डेव्हिल' हे शब्द गाळून टाकले. तोपर्यंत कितीतरी घरांत "तो खेळ नाही खेळायचा" असा हुकूम सुटून गेला होता.

बघून शिकता येत नाही

पण दोस्तहो, मला विचाराल तर सगळ्यात मोठं कारण याहून साधं आहे.

विटी-दांडू तुम्हाला कोणी शिकवला? क्रिकेट? शिकवणी लावली होती का? नाही. तुम्ही मैदानाच्या कडेला उभे राहिलात, पाच मिनिटं बघितलंत, आणि कळलं. मग एके दिवशी एक गडी कमी पडला आणि कोणीतरी हाक मारली, "ए, येतोस का?" झालात तुम्ही खेळाडू!

सोंगांच्या खेळात बाहेरून काय दिसतं? पाच माणसं बसली आहेत आणि बोलत आहेत. पूल त्यांच्या डोक्यात, नदी डोक्यात, राक्षसही डोक्यात. कडेला उभ्या असलेल्या मुलाला काहीच दिसत नाही. त्यातून ते पाच जण एकमेकांना दहा वर्षं ओळखतात, त्यांचे विनोद जुने, त्यांची गोष्ट अर्ध्यावर पोचलेली. नवा मुलगा विचारतो, "मी येऊ?" उत्तर येतं, "ये की, पण आधी ही तीनशे वीस पानं वाच." कल्पनेतला आकडा नाही बरं का! २०१४ च्या आवृत्तीत एकट्या खेळाडूंच्या पुस्तकाची पानं तेवढीच होती, ३२०.

आपल्या गल्लीतल्या खेळांनी यावर केव्हाच उपाय शोधून ठेवलाय. कच्चा लिंबू! धाकटी बहीण मागे लागते, "मलाही घ्या ना." मोठे म्हणतात, "बरं, ही कच्चा लिंबू." म्हणजे काय? ती सगळ्यांबरोबर पळणार, लपणार, ओरडणार. पण तिच्यावर राज्य येणार नाही. नियम तिला कोणी समजावून सांगत नाही. पळता पळता तिचे तिलाच कळतात. आणि दोन वर्षांनी? तिच्यावर राज्य आलं तर ती तुम्हालाच धाप लागेस्तोवर पळवते! कच्चा लिंबू हा लहानांवर केलेला उपकार नाही. पुढच्या वर्षीचा गडी तयार करायची ती पद्धत आहे. ज्या गल्लीतली मोठी मुलं "लहान आहेस, जा घरी" म्हणतात, त्या गल्लीतला खेळ ती मुलं कॉलेजात गेली की संपतो.

टेबलावरच्या खेळात कच्चा लिंबू करणं मुळीच कठीण नाही. नव्या मुलाला आधीच तयार केलेलं एक सोंग द्यायचं, माहिती एका कागदावर, आणि म्हणायचं, "तुला काय करावंसं वाटतं तेवढं सांग. नियमाचं आम्ही बघतो." अंगाई म्हणणारी ती मुलगी आठवते ना? असली युक्ती बहुतेक नवख्यालाच सुचते. जुन्या माणसाला नियम पाठ असतात, म्हणून तो तलवारीलाच हात घालतो!

ज्यांनी दार उघडलं

ही मेख ज्यांच्या लक्षात आली त्यांना नवे गडी मिळालेही. जपानचं उदाहरण घ्या. तिथे १९८६ मध्ये 'कॉम्प्टिक' नावाच्या मासिकाने एक नवीनच प्रकार सुरू केला. काही मंडळी खेळायला बसली, आणि खेळताना कोण काय बोललं, ते संवादांच्या रूपात छापायला सुरुवात केली. जणू नाटकाचं पुस्तक! सूत्रधार काय म्हणाला, कोण कशावर हसलं, कोणाचा फासा फसला, सगळं. नाव 'रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर'. म्हणजे बघा, जो खेळ बघून शिकता येत नव्हता, तो वाचून 'बघता' यायला लागला. पुढे १९८९ मध्ये तिथे 'सोर्ड वर्ल्ड' नावाचा खेळ निघाला, तोही खिशात मावणाऱ्या छोट्या पुस्तकाच्या रूपात. वीस बाजूंचे फासे शोधायला नकोत. घरातले साधे सहा बाजूंचे दोन फासे पुरे!

अमेरिकेतही २०१४ मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'चे मूळ नियम कोणालाही फुकट मिळतील असे खुले केले गेले. २०१५ मध्ये 'क्रिटिकल रोल' सुरू झालं. कार्टूनना आवाज देणारे काही कलावंत कॅमेऱ्यासमोर बसून हा खेळ खेळू लागले आणि लोक तासन्‌तास ते बघू लागले. २०१६ मध्ये 'स्ट्रेंजर थिंग्ज' ही मालिका आली. पहिल्याच भागात १९८३ सालातले चार मित्र तळघरात बसून हाच खेळ खेळताना दिसतात. २०२० च्या टाळेबंदीत तर कितीतरी जणांनी आपापल्या घरी, पडद्यासमोर बसून डाव मांडले. २०२४ मध्ये या खेळाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा त्याचं नाव पूर्वी कधी नव्हतं इतक्या मुलांच्या कानावर गेलेलं होतं.

मग प्रश्न सुटला म्हणायचा? अर्धाच. नाव ऐकणं वेगळं, पडद्यावर बघणं वेगळं आणि टेबलाशी बसणं वेगळं. क्रिकेट बघणारे घरोघर आहेत, पण संध्याकाळी मैदानावर किती जण येतात? या खेळाला अजूनही दोन गोष्टी लागतात आणि त्या कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. एक म्हणजे सूत्रधार. सोंग घ्यायला सगळे तयार, गोष्ट चालवायला कोणीच नाही! आणि दुसरी म्हणजे पाच जणांचे एकाच दिवशीचे मोकळे तीन तास. एकाचा क्लास, दुसऱ्याची परीक्षा, तिसरी मामाकडे गेलेली.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? नाही आली नवी मुलं तर नाही आली, कॉम्प्युटर आहे की! पण मग पुलावरच्या त्या राक्षसाला अंगाई म्हणायची तुमची पंचाईत होईल. कॉम्प्युटरच्या खेळात जे दरवाजे बनवणाऱ्याने बनवले, तेवढेच उघडतात. त्याला अंगाई सुचली नसेल, तर तुम्ही कितीही गा, राक्षस ऐकणार नाही. इथे मात्र तुम्ही बोललात की चार माणसं ऐकतात, सूत्रधार विचार करतो आणि सगळी गोष्ट वळण घेते. शाळेत मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलाला असे चार ऐकणारे दुसरीकडे कुठे मिळणार?

आणि आणखी एक. विटी-दांडू कोणी खेळलं नाही तरी विटी आणि दांडू उरतात. हा खेळ मात्र माणसांच्या बोलण्यातच असतो. गायगॅक्स २००८ मध्ये गेले, आर्नेसन २००९ मध्ये. लाल खोक्यातला फासा खडूने रंगवणारी बारा वर्षांची मुलं आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. त्यांनी कोणाला शेजारी बसवलं नाही, तर पुस्तकं उरतील, खेळ उरणार नाही.

करून बघा!

आता नुसतं वाचून काय होणार? येत्या रविवारी खेळूनच बघा. पुस्तक नको, पैसे नकोत. लुडोमधला एक फासा, प्रत्येकाला एक कागद आणि पेन्सिल. तीन ते पाच जण जमा. एक जण सूत्रधार.

१. प्रत्येकाने कागदावर आपल्या सोंगाचं नाव लिहायचं. त्याला उत्तम जमणारी एक गोष्ट, अजिबात न जमणारी एक गोष्ट आणि खिशातल्या तीन वस्तू.

२. सूत्रधार प्रसंग सांगेल आणि विचारेल, "आता तुम्ही काय करता?" तुम्ही काय करता ते सांगायचं.

३. जमेल की नाही अशी शंका असेल तरच फासा टाकायचा. चार, पाच किंवा सहा पडले तर जमलं. तुमची उत्तम जमणारी गोष्ट असेल तर तीनही चालतील. न जमणारी असेल तर पाच किंवा सहाच हवेत.

४. फासा फसला तर सूत्रधाराने "काहीच झालं नाही" असं म्हणायचं नाही. काहीतरी नवी भानगड उभी राहिलीच पाहिजे!

५. कोणाला भलतीच युक्ती सुचली, तर सूत्रधाराने "असं नाही करता येत" म्हणायचं नाही. म्हणायचं, "टाक फासा!"

६. आणि हा नियम सगळ्यात महत्त्वाचा. तुमच्यापेक्षा निदान दोन वर्षांनी लहान असलेला एक तरी गडी टेबलाशी हवा. पुढच्या रविवारी सूत्रधार बदलायचा.

सुरुवात मी देते. रात्रीची शेवटची एस.टी. घाटात बंद पडलीय. पाऊस कोसळतोय. ड्रायव्हर आणि कंडक्टर दोघंही मदत आणायला गेलेत, त्याला तास होऊन गेला. गाडीत फक्त तुम्ही. आणि मागच्या सीटवर एक गाठोडं आहे. ते कोणाचंच नाही. आत्ताच ते जरासं हललं. आता तुम्ही काय करता?

आई-बाबांसाठी

पालकहो, हे पान तुम्हीही वाचता हे ठाऊक आहे, म्हणून दोन शब्द. मुलं राक्षसांच्या आणि जादूगारांच्या गोष्टी करू लागली तर दचकू नका. आजीच्या गोष्टींतही राक्षस होतेच. शंका वाटली तर बाहेरून हुकूम सोडण्यापेक्षा अर्धा तास शेजारी येऊन बसा. आणि "यातून व्यक्तिमत्त्वाचा विकास होतो का?" असं कृपा करून विचारू नका. विकास व्हायचा तर होईल. तुम्ही फक्त आठवड्यातले तीन तास मोकळे सोडा आणि जेवणाचं टेबल नाही तर बैठकीची सतरंजी द्या. जमलं तर एकदा तुम्हीच सूत्रधार व्हा. तुमच्या लहानपणी गावात एखादा बंद वाडा होता ना, ज्याच्यावरून संध्याकाळनंतर कोणी जात नसे? त्या वाड्यापासून सुरुवात करा. मुलं तुम्हाला उठू देणार नाहीत.

तर दोस्तहो, रविवारी कोणाला कच्चा लिंबू करणार ते आजच ठरवा. खेळून झालं की पत्र जरूर लिहा. कोणी कुठलं सोंग घेतलं, फासा कुठे फसला आणि सगळ्यात धाकट्या गड्याला काय सुचलं, ते सविस्तर कळवा. आणि हो, गाठोड्यात काय निघालं तेही!